आरक्षणाच्या खिडकीपलीकडे

मे महिन्यात गावी जायचे ठरले की तिकिटासाठी घरातल्या एका माणसाचा अख्खा दिवस बाजूला काढावा लागे. व्हीटी, मुंबई सेंट्रल, पुणे, कुठेही चित्र तेच. पहाटे अंधारातच रांग लागे. कुणी पिशवी ठेवून नंबर धरी, कुणी मागच्याला सांगून चहा पिऊन येई. खिडक्या गाड्यांनुसार वाटलेल्या असत, त्यामुळे ज्या गाडीचे तिकीट हवे तिच्याच रांगेत उभे राहावे लागे. तासन्‌तास उभे राहून खिडकीशी पोहोचावे आणि ‘जागा नाही’ असे ऐकावे, तर दुसऱ्या गाडीत जागा आहे का हे त्या कारकुनाला सांगता येत नसे. दुसऱ्या गाडीचे रजिस्टर दुसऱ्या टेबलावर असे. मग पुन्हा नव्या रांगेच्या शेपटाला.

१९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतीय रेल्वेचे आरक्षण या रजिस्टरांवर चालले. तारखेवार पाने, त्यांवर डबे आणि बर्थ यांचे क्रमांक, पुढे नावासाठी रिकामा रकाना. कारकून हाताने नाव-वय लिहायचा आणि तिकिटावर डब्याचा व बर्थचा क्रमांक टाकायचा. पान भरले की गाडी भरली. परतीचे आरक्षण हवे असेल तर तिकडच्या स्टेशनला तार जायची आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहण्यापलीकडे हातात काही नसे. मधल्या स्टेशनांना ठरावीक जागांचा कोटा वाटून दिलेला असे. त्यामुळे एका स्टेशनचा कोटा संपून माणसे परत जात असताना दुसऱ्या स्टेशनच्या जागा रिकाम्या राहू शकत. गाडीत एकूण किती जागा शिल्लक आहेत, याचे पूर्ण चित्र एका वेळी कुणाच्याच डोळ्यांसमोर नसे. त्यातले जे काही दिसे ते रजिस्टर हाताळणाऱ्याला दिसे. दलालाचा जन्म याच फटीत झाला.

आज रेल्वेचे, विमानाचे, बसचे आरक्षण मोबाइलवर काही मिनिटांत होते आणि त्याचे सारे श्रेय संकेतस्थळांना दिले जाते. पण तिकीटविक्रीचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर त्यात दोन प्रश्न सतत भेटतात. जागा आहे की नाही हे कुणाला ठाऊक असते? आणि पैसे भरूनही प्रवास बिघडला, तर त्याचे उत्तर कोण देते? पहिल्या प्रश्नावर अनेक पिढ्यांच्या अभियंत्यांनी डोके लावले आणि तो बहुतांशी सुटला. दुसऱ्याकडे लक्ष फार उशिरा गेले.

सुरुवात पुठ्ठ्याच्या तिकिटापासून करावी लागते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली, तेव्हा इंग्लंडमध्ये थॉमस एडमंडसनचे तिकीट रूढ झालेले होते. एडमंडसन मूळचा फर्निचर बनवणारा कारागीर. धंद्यात दिवाळे निघाल्यावर तो न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवर एका छोट्या स्टेशनचा मास्तर झाला. त्या काळी घोडागाड्यांच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक उतारूला हाताने लिहून तिकीट देत. त्यात वेळ जाई आणि कारकुनाने किती पैसे जमा केले याचा हिशेबही लागत नसे. एडमंडसनने जाड पुठ्ठ्याची छोटी तिकिटे आधीच छापून घेतली, प्रत्येकावर क्रमांक टाकला आणि तारीख उमटवणारे यंत्र बनवले. संध्याकाळी शेवटच्या तिकिटाचा क्रमांक पाहिला की दिवसभराची विक्री कळे.

हे तिकीट भारतात आले आणि शंभर वर्षांहून जास्त टिकले. सव्वादोन इंच लांब, सव्वा इंचाहून थोडे कमी रुंद. खिडकीमागच्या लाकडी कप्प्यांत स्टेशनवार आणि वर्गवार त्यांच्या चळती लावलेल्या असत. कारकून खालून एक ओढून काढी, लोखंडी यंत्राच्या फटीत सारी, खट्‌ असा आवाज होई आणि कडेला तारीख उमटे. मुंबईत भायखळ्याला रेल्वेचा स्वतःचा छापखाना होता. भायखळा, हावडा, शकूरबस्ती, रोयापुरम आणि सिकंदराबाद येथे शेवटपर्यंत उरलेले रेल्वेचे पाच छापखानेही बंद करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला.

एडमंडसनच्या तिकिटाने रेल्वे कंपनीचा प्रश्न सोडवला. भाडे वसूल झाले का, हे त्यावरून कळत होते. उतारूला बसायला जागा मिळेल का, याविषयी त्यावर अक्षरही नसे. सप्टेंबर १९१७ मध्ये महात्मा गांधींनी भारतीय रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी वृत्तपत्रांना एक सविस्तर पत्र लिहिले. मुंबईहून मद्रासला ते तिसऱ्या वर्गाने गेले होते आणि त्यासाठी १३ रुपये ९ आणे मोजले होते. डब्यावर २२ उतारूंची पाटी होती आणि बराच वेळ आत ३५च्या वर माणसे होती. पत्रात त्यांनी घाण, गर्दी, झोपायला जागा नसणे, हे सगळे एकेक करून मांडले आणि पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त असताना सोयींचे प्रमाण त्या मानाने तरी ठेवा, असा हिशेब घातला. ग्राहकाच्या तक्रारीचा हा उत्तम नमुना आहे. भरलेली रक्कम, दिलेले वचन आणि प्रत्यक्षात मिळालेली सेवा, अशी तिन्ही अंगे त्यात आहेत. पण ती तक्रार ऐकायला कोणतीही खिडकी नव्हती, म्हणून ती वृत्तपत्रांकडे गेली.

त्याच्याही आधी मुंबईने एक विलक्षण प्रयोग पाहिला होता आणि त्याची आठवण आता फारशी कुणी काढत नाही. थॉमस कुक हे नाव सहलींशी जोडलेले आहे. ५ जुलै १८४१ रोजी दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या या माणसाने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे लोकांची रेल्वेसहल नेली, माणशी एक शिलिंग. पुढे कंपनी जगभर पसरली आणि १८८१ मध्ये मुंबईत तिचे कार्यालय उघडले. त्या काळात हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्यांचे मुख्य बंदर मुंबई होते. पंजाब, बंगाल, हैदराबाद, मध्य आशिया, कुठकुठून माणसे इथे येत, मुसाफिरखान्यांत आणि रस्त्याकडेला आठवडे काढत आणि जहाजाच्या तिकिटासाठी दलालांच्या तावडीत सापडत. जहाज कधी सुटणार, खरे भाडे किती, यातले काहीच त्यांना ठाऊक नसे. १८८० मध्ये ‘जेद्दा’ नावाच्या जहाजाने या धंद्याची अब्रू जगापुढे उघडी पडली. सिंगापूर-पेनांगकडून निघालेल्या त्या जहाजावर नऊशेहून जास्त यात्रेकरू होते. वादळात जहाज बुडणार असे समजून कप्तान आणि गोरे अधिकारी होडीतून निघून गेले आणि एडनला पोहोचून त्यांनी जहाज बुडाल्याची खबर दिली. थोड्याच वेळात तेच जहाज, यात्रेकरूंसह, दुसऱ्या जहाजाने ओढत एडनला आणले. जोसेफ कॉनरॅडच्या ‘लॉर्ड जिम’ या कादंबरीमागे हीच घटना आहे.

अशा पार्श्वभूमीवर हिंदुस्थान सरकारने १८८६ मध्ये हजयात्रेच्या वाहतुकीचे काम थॉमस कुक अँड सन कंपनीकडे सोपवले. कल्पना अशी की भाडे ठरलेले असावे, यात्रेकरूने गावाकडूनच रेल्वेचे आणि जहाजाचे तिकीट काढावे आणि मुंबईतल्या दलालाची गरजच उरू नये. होणारा तोटा सरकारने भरून द्यायचा होता. आजच्या भाषेत सांगायचे तर एकाच ठिकाणी, एकाच नावावर, घरापासून मुक्कामापर्यंतचे आरक्षण. पण दलालांची आणि जहाजमालकांची साखळी फार पक्की होती, स्वस्त जहाजे बाजारात होतीच, आणि बहुसंख्य यात्रेकरू जुन्याच वाटेने जात राहिले. तोटा भरून देण्याची जबाबदारी सरकारला नकोशी झाली आणि १८९३ मध्ये ही व्यवस्था संपली. दलाल हटवायचा तर त्याच्याइतकी माहिती, त्याच्याइतकी ओळख आणि त्याच्याइतकीच चोवीस तासांची हजेरी नव्या व्यवस्थेला द्यावी लागते. कुक कंपनीला ते जमले नाही, आणि पुढे अनेकांना जमले नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला जागेच्या माहितीचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे भेडसावला तो विमान कंपन्यांना. अमेरिकन एअरलाइन्सच्या लिटल रॉक येथील आरक्षण केंद्रात एका फिरत्या चक्राभोवती आठ माणसे बसत आणि त्यातल्या कार्डांवर खुणा करून जागा विकत. एका आरक्षणाला सरासरी दीड तास लागे. १९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात या कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांच्या शेजारी योगायोगाने आयबीएमचे विक्री अधिकारी ब्लेअर स्मिथ येऊन बसले. आडनावावरून गप्पा सुरू झाल्या आणि त्यातूनच पुढे ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षण प्रणाली उभी राहिली. १९६०च्या दशकाच्या मध्याला ती पूर्ण क्षमतेने चालू झाली. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने १९६० मध्येच ‘मार्स-१’ नावाच्या संगणकावर निवडक गाड्यांचे आरक्षण सुरू केले होते.

भारताला आणखी पंचवीस वर्षे लागली, आणि इथले काम कितीतरी अवघड होते. विमानात शंभर-दीडशे जागा आणि दोन-तीन थांबे. भारतीय गाडीत हजाराच्या आसपास जागा, वीस-पंचवीस थांबे, अनेक वर्ग, स्टेशनवार कोटे, सैनिकांपासून कर्करुग्णांपर्यंत सवलती, आणि एकच बर्थ वाटेत रिकामा होऊन पुढच्या स्टेशनला दुसऱ्याला द्यायचा. हे सगळे नियम संगणकाला शिकवण्याचे काम सीएमसी या सरकारी कंपनीच्या अभियंत्यांनी केले. आयबीएम भारतातून गेल्यावर तिने मागे ठेवलेली यंत्रे सांभाळणारी हीच कंपनी. त्यांच्या प्रणालीचे नाव ‘इम्प्रेस’. १९८५ मध्ये नवी दिल्लीत ती चालू झाली आणि १९८७ पासून मुंबई, कोलकाता, चेन्नईकडे आली. सिकंदराबाद हे पाचवे केंद्र. रेल्वेची स्वतःची माहिती प्रणाली संस्था, क्रिस, १९८६ मध्ये स्थापन झाली.

रांगेतल्या माणसाच्या दृष्टीने बदल एका वाक्यात सांगता येतो: कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट. या गाडीत नाही, तर त्या गाडीत बघा, असे म्हणायची सोय झाली. कारकुनासमोरचा पडदा त्याला सगळ्या गाड्या दाखवू लागला. त्याच वेळी आणखी एक गोष्ट झाली आणि तिचे महत्त्व मोठे आहे. प्रत्येक आरक्षणाला दहा आकडी पीएनआर क्रमांक मिळाला. आता प्रतीक्षायादीतले नाव कुठवर सरकले हे विचारायला हातात काहीतरी आले. पूर्वी चार्ट लागेपर्यंत नशिबावर हवाला ठेवावा लागे. आता आपला क्रमांक कुठे आहे हे विचारणे हा उतारूचा हक्क झाला.

तरीही ही पाच बेटे होती. मुंबईच्या संगणकाला चेन्नईच्या संगणकातले दिसत नव्हते. क्रिसने ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली बनवून १९९९ पर्यंत पाचही केंद्रे जोडली आणि नागपुरात बसून चेन्नई-बंगळूर गाडीचे आरक्षण करणे शक्य झाले. त्या बेटांची खूण अजून तिकिटावर आहे. मुंबईच्या केंद्रातून निघालेला पीएनआर ८ किंवा ९ या आकड्याने सुरू होतो.

आयआरसीटीसी ही कंपनी सप्टेंबर १९९९ मध्ये स्थापन झाली ती मुख्यतः खानपान आणि पर्यटनासाठी. ३ ऑगस्ट २००२ पासून तिच्या संकेतस्थळावर तिकिटे मिळू लागली. पण त्या पहिल्या ऑनलाइन तिकिटाचे रूप आजच्या पिढीला सांगूनही पटणार नाही. पैसे इंटरनेटवर भरायचे आणि तिकीट कुरियरने घरी यायचे. तेही ठरावीक शहरांतच. कुरियरवाला आला तेव्हा घरात कुणी नसेल तर गाडीची तारीख जवळ येत असताना तिकीट शोधत फिरायचे. रद्द करायचे तर तोच कागद घेऊन स्टेशनवरच्या खिडकीवर जायचे. कागदाशिवाय प्रवास ही कल्पना रेल्वेच्या हिशेबात अजून बसत नव्हती. तपासनीस काय पाहणार आणि भोंक कशाला पाडणार, असा साधा प्रश्न होता.

२००५ मध्ये ई-तिकीट आले आणि तो प्रश्न सुटला. प्रवाशाने स्वतः छापलेला कागद आणि सोबत फोटो असलेले ओळखपत्र. काही वर्षांनी मोबाइलवरचा संदेशही चालू लागला. मध्यंतरीच्या काळात गावोगावच्या सायबर कॅफेंनी या व्यवस्थेला हात दिला. ज्याच्या घरी संगणक नाही आणि ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही, तो कॅफेवाल्याकडे जाई, वर पंधरा-वीस रुपये देई आणि तिकीट घेऊन येई. दलाल हटवण्यासाठी आलेल्या संकेतस्थळाने नवा, बराचसा प्रामाणिक मध्यस्थ तयार केला. त्याला इंग्रजीतला अर्ज भरता येत होता, आणि ही त्या काळी मोठीच सेवा होती.

जुन्या आणि नव्या तिकिटात एक फरक मात्र बरीच वर्षे राहिला. खिडकीवर काढलेले प्रतीक्षायादीचे तिकीट चार्ट लागल्यावरही हातात राहत असे आणि ते घेऊन लोक डब्यात चढत. ऑनलाइन काढलेले पूर्ण प्रतीक्षायादीतले तिकीट चार्ट लागताच आपोआप रद्द होई आणि पैसे खात्यात परत येत. हिशेबाने दुसरी पद्धत जास्त चोख आहे. पण आईच्या आजारपणासाठी रात्रीच्या गाडीने निघालेल्या माणसाला परत आलेल्या पैशांपेक्षा डब्याच्या दाराशी उभे राहण्याची मुभा जास्त मोलाची वाटे. म्हणूनच मोबाइल हातात असतानाही अनेकजण खिडकीवर जात राहिले.

गर्दीचे दुखणे जागांच्या तुटवड्याचे आहे आणि ते कोणत्याही संकेतस्थळाला बरे करता येत नाही. १९९७ मध्ये तत्काळ योजना सुरू झाली. आता वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहा आणि बाकीच्यांसाठी अकरा ही वेळ देशभर पाठ आहे. या दोन ठोक्यांना लाखो माणसे एकाच वेळी संकेतस्थळावर येतात. पूर्वीची यंत्रणा मिनिटाला दोन हजार तिकिटे देऊ शकत असे. एप्रिल २०१४ मध्ये आलेल्या नव्या यंत्रणेने ती क्षमता ७,२०० वर नेली. तिकिटे वेगाने निघू लागली, पण जागा तेवढ्याच होत्या. त्यामुळे लढाई सेकंदांची झाली, आणि सेकंदांच्या लढाईत माणसापुढे यंत्र जिंकते. डिसेंबर २०१७ मध्ये सीबीआयने आपल्याच एका सहायक प्रोग्रामरला अटक केली. ‘निओ’ नावाचे सॉफ्टवेअर बनवून तो ते एजंटांना विकत होता. ते सॉफ्टवेअर प्रवाशांची माहिती आपोआप भरून तत्काळ तिकिटे धडाधड काढत असे. हा माणूस आधी आयआरसीटीसीमध्ये नोकरीला होता. जुन्या दलालाची ताकद खिडकीमागच्या ओळखीत होती, नव्याची प्रणालीच्या आतल्या माहितीत. रेल्वे कायद्याच्या १४३व्या कलमाखाली अनधिकृत तिकीटविक्रीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी धंदा थांबला नाही. शेवटी जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी सक्तीची करण्यात आली.

कोकणात जाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू होण्याआधी गणपतीला जायचे म्हणजे एसटीचे ग्रुप बुकिंग, वाडीतल्या पंधरा-वीस घरांनी मिळून केलेले. एका माणसाने सगळ्यांचे पैसे गोळा करायचे, आगारात फेऱ्या मारायच्या आणि गाडी थेट वाडीच्या फाट्यापर्यंत आणायची. काही चुकले तर त्याला धरायचे. रेल्वे आल्यावर प्रवास सुखाचा झाला आणि आरक्षण खडतर. २०२३च्या मे महिन्यात गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण खुले झाले तेव्हा कोकणकन्येची प्रतीक्षायादी काही मिनिटांत भरली आणि चौकशीची मागणी झाली. तिकिटे गेली कुठे, हा चाकरमान्यांचा प्रश्न रजिस्टरच्या काळात होता तसाच होता.

बसच्या धंद्यातही हीच कहाणी घडली. खासगी बसच्या मालकाने दहा एजंटांना चार-चार जागा वाटून दिलेल्या असत. एकाकडच्या संपल्या तरी दुसऱ्याकडे शिल्लक असत, आणि हे दोघांनाही ठाऊक नसे. २००५च्या दिवाळीत बंगळूरहून घरी जायला तिकीट न मिळालेल्या फणींद्र सामा या तरुण अभियंत्याने एजंटांकडे खोदून चौकशी केली तेव्हा त्याला हे समजले. २००६ मध्ये त्याने दोन मित्रांबरोबर रेडबस सुरू केली. त्या आधी, २००० मध्ये, दीप कालरा यांनी मेकमायट्रिप काढली ती अमेरिकेतून घरी येणाऱ्या भारतीयांसाठी. इथे इंटरनेटवर तिकीट घेणारे तेव्हा फारसे नव्हतेच. २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त विमानप्रवास आणला, आयआरसीटीसीने लाखो लोकांना नेटवर पैसे भरायची सवय लावली, आणि २००५ मध्ये मेकमायट्रिप भारतीय ग्राहकांकडे वळली. पुढच्या वर्षी यात्रा आणि क्लिअरट्रिप आल्या. खासगी संकेतस्थळांच्या भरभराटीची पायाभरणी रेल्वेच्या सरकारी संकेतस्थळाने केली, याची नोंद घ्यायला हवी.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. स्टेशन मास्तरकडे आणि गार्डकडे तक्रार वही असे. ती मागितली की आधी समजूत घातली जाई, मग चहा विचारला जाई, आणि माणूस हट्टाला पेटलाच तर वही मिळे. तक्रार कागदावर गेली तरी उत्तर यायला किती दिवस लागतील ते सांगता येत नसे. पण तक्रार कुणाविरुद्ध करायची याविषयी संशय नव्हता. तिकीट रेल्वेचे, गाडी रेल्वेची, कारकून रेल्वेचा.

या वहीचे नवे रूप काय असू शकते हे नोव्हेंबर २०१५ मध्ये दिसले. शालिमारहून लोकमान्य टिळक टर्मिनसकडे येणाऱ्या गाडीत एक पुरुष प्रवासी त्रास देत असल्याचे एका तरुणीने शेगावजवळून ट्विटरवर कळवले. रेल्वेमंत्री तेव्हा सुरेश प्रभू होते. सुमारे चाळीस मिनिटांत, गाडी भुसावळला पोहोचली तेव्हा रेल्वे पोलीस तिच्या डब्याशी हजर होते. त्यानंतर बाळासाठी दूध, आजाऱ्यासाठी डॉक्टर अशा विनंत्यांचा पाऊस पडला. त्यासाठी रेल्वे मंडळात आणि विभागांत माणसे बसवावी लागली. पुढे ‘रेलमदद’ आणि १३९ ही एकच मदतवाहिनी आली. हे यश ट्विटरचे नव्हते. तक्रार वाचून भुसावळला फोन करणारा आणि ज्याचा फोन भुसावळला ऐकला जातो असा अधिकारी साखळीत होता, म्हणून ते घडले.

खासगी संकेतस्थळावरच्या तिकिटात ही साखळी लांबते. विमान एका कंपनीचे, विक्री दुसरीची, पैसे तिसऱ्या संस्थेच्या द्वारे बँकेकडून गेलेले, आणि फोन उचलणारा माणूस बहुधा चौथ्याच संस्थेचा नोकर. परतावा त्याच वाटेने उलटा यावा लागतो. विमान कंपनी रक्कम प्रवाशाला देत नाही, तिकीट काढणाऱ्या एजंटाच्या खात्यात देते, आणि तिथून ती पुढे सरकायची असते. ‘आमच्याकडून पैसे गेले’ आणि ‘आमच्याकडे आलेच नाहीत’, ही दोन्ही उत्तरे एकाच दिवशी ऐकलेला माणूस विरळा नाही. फोनवरच्या मुलाला पडद्यावर जेवढे दिसते तेवढेच तो सांगू शकतो, आणि निर्णय घ्यायची मुभा त्याला दिलेली नसते. त्याच्यावर ओरडून काही होत नाही. दोष व्यवस्थेच्या रचनेत आहे.

महाराष्ट्रात या विषयाची जाण जुनी आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, आणि १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा होण्यामागे या कार्यकर्त्यांची मेहनत होती. पण त्या कायद्याच्या चौकटीत तक्रार बहुधा विक्रेत्याच्या गावी जाऊन करावी लागे. साताऱ्याच्या माणसाने चार हजारांच्या तिकिटासाठी गुरुग्रामला खेटे घालणे शक्य नव्हते. २०१९च्या नव्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करायची मुभा दिली. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमणे, ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात ती निकाली काढणे बंधनकारक केले.

हे नियम आले ते वर्षच कसोटीचे होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, रेल्वे आणि विमाने थांबली आणि एकाच वेळी लाखो तिकिटे रद्द झाली. रेल्वेने ऑनलाइन तिकिटांचे पैसे आपोआप परत पाठवले. विमान कंपन्यांनी मात्र रोख परत करण्याऐवजी ती रक्कम पुढच्या प्रवासासाठी खात्यात ठेवायला सुरुवात केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ ऑक्टोबर २०२०च्या निकालाने टाळेबंदीच्या काळात टाळेबंदीतल्याच प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे तीन आठवड्यांत परत करण्यास सांगितले, आणि एजंटामार्फत काढलेल्या तिकिटांची रक्कम एजंटाने ताबडतोब प्रवाशाला द्यावी, असेही स्पष्ट केले.

तरी पैसे अडकून राहिले. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रारी वाढत गेल्या तेव्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने प्रवासी संकेतस्थळांची एकेक करून सुनावणी घेतली. मेकमायट्रिप, क्लिअरट्रिप, ईझमायट्रिप, इक्सिगो आणि थॉमस कुक यांनी पूर्ण रक्कम परत केली. यात्रा कंपनीकडे २०२१ मध्ये ३६,२७६ आरक्षणांचे २६ कोटींहून जास्त रुपये बाकी होते. जून २०२४ पर्यंत त्यांतले बरेच दिले गेले, तरी ४,८३७ आरक्षणांचे अडीच कोटी रुपये, टाळेबंदीला चार वर्षे उलटल्यावरही, प्रवाशांपर्यंत पोहोचलेले नव्हते. २७ जून २०२४ रोजी प्राधिकरणाने ही रक्कम परत करण्याचा आदेश दिला. त्याच आदेशात आणखी एक तरतूद होती. या ४,८३७ आरक्षणांच्या प्रवाशांना स्वतःहून फोन करून त्यांच्या परताव्याविषयी सांगण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीत पाच स्वतंत्र माणसे बसवायची होती. त्यांचा सगळा खर्च यात्रा कंपनीने मदतवाहिनी चालवणाऱ्या संस्थेला थेट द्यायचा होता.